पूर्वेची खिडकी, वस्तीची खोली

तुम्ही कोण असाल माहीत नाही.
गाव, वय, बॅच नंबर, काहीच नाही.
पण गुहागर डेपोची शेवटची गाडी
पावणेनऊला खाडीकाठी उभी करून
ग्रामपंचायतीच्या मागच्या या खोलीत याल,
तेव्हा आधी पूर्वेच्या खिडकीकडे बघा.
फणसाचं लाकूड आहे.
पावसाळ्यात फुगतं, लाथ घातली तरी उघडत नाही,
आणि मार्गशीर्ष लागला की आखडतं,
चौकट एकीकडे, झडप एकीकडे,
मधून बोटभर वारा.

मी विट्याचा.
कोकणात कसली थंडी, म्हणून घोंगडं घरीच ठेवून आलो.
पहिल्याच पहाटे चारला खाडीवरून जे सुटलं
ते थेट माझ्या कानात येऊन बसलं.
चालक बशीर परकार कुशीवर वळून म्हणाले,
"खारा वारा पाहुण्यांचा. ही मतलई.
हिच्याशी जमवून घ्यावं लागतं."

मी जमवलं नाही. कामाचं तेवढं सांगतो.
एक उदबत्ती पेटवा. पंखा बंद, दार बंद.
चौकटीच्या कडेने फिरवा,
आरतीचं ताट फिरवतो त्याहून हळू.
धूर सरळ चढला तर पुढे सरका.
दचकून आत वाकला तर तिथे खडूने फुली.
माझ्या अकरा झाल्या.

खिळ्याने खरवडायला गेलो
तर फटींतून तिकिटं निघाली.
वर यंत्राची, पांढरी, अक्षरं उडालेली.
खाली ठोकळ्यातली जुनी, गुलाबी, पोपटी,
पंचाहत्तर पैसे, सव्वा रुपया, अर्धं तिकीट,
सगळ्यांना पंचाने पाडलेली भोकं.
आपल्याआधी किती जण इथे
भोकांनी भोक बुजवत कुडकुडले,
मोजलं नाही. हिशेब जुळला नसता.

बंदरावर बाळोबा जांभारकर होड्या दुरुस्त करतात.
त्यांनी राळेत भिजवलेला कापूस दिला,
छिन्नीने कसा ठासायचा तेही दाखवलं.
"पाणी थांबतं याच्यात. वाऱ्याची काय कथा."
झडपेच्या कडेला सायकलची ट्यूब,
उभी चिरून, चुका मारून.
तळाशी माझ्या जुन्या खाकी पँटचा एक पाय,
वाळू भरून, दोन्ही तोंडं शिवून.
बशीरभाई त्याला अजगर म्हणतात.
खर्च बावीस रुपये, उदबत्तीचा पुडा धरून.

त्या रात्री खोली इतकी गप्प
की बशीरभाईंच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.
झोपलो. म्हणजे झोपलोच.
पाच चाळीसला दारावर धपाधप,
बाहेर सुगंधा आणि मासळीच्या नऊ पाट्या,
बर्फाचं पाणी पायऱ्यांवरून ओघळत,
"मेलात काय रे आत?"
सव्वापाचची गाडी.
उशिराच्या रकान्यात कारण काय लिहिणार?
वारा नव्हता?

तेव्हा कुठे लक्षात आलं,
रोज चारला त्या खालच्या कोपऱ्यातून शीळ वाजायची,
बशीरभाई उठून स्टोव्हला पंप मारायचे,
आणि या खोलीत गजर
कुणी कधी लावलाच नव्हता.

म्हणून डावीकडची, खालची, अकरावी फुली
मी पुन्हा उकरली आहे. करंगळीएवढी.
त्या बाजूच्या खाटेवर तुम्ही झोपा,
चालकाला घाट चढायचा असतो.
फारच बोचलं तर एक तिकीट घडी करून लावा,
पण मग चारला ते काढायला
कोण उठवणार, ते आधी ठरवा.

राळेचा डबा कपाटात आहे, झाकण घट्ट.
अजगराला अधूनमधून ऊन दाखवा.
सुगंधाचे आठ रुपये सुट्टे
माझ्याकडून द्यायचे राहिले.
त्याच्याखाली ठेवलेत.